मधली वर्षं दुसऱ्या कामात गेली, आता आयटीत परत यायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आठ वर्षं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम केलं. पुढची नऊ वर्षं मालवाहतूक आणि गोदाम सांभाळण्यात गेली, आणि मग पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये आले. शिकवणं, विमा, घरचा धंदा, दवाखान्यातलं कामकाज अशा निरनिराळ्या कामांतून परत येऊ पाहणारे लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

एवढ्या वर्षांनी खरंच परत घेतात का?

घेतात. पण परत घेणं वेगळं आणि जिथून उठलात त्याच खुर्चीवर बसवणं वेगळं. मी सीनियर म्हणून बाहेर पडले होते, परतताना एक पायरी खालचं पद घेतलं. ते घेताना जड गेलं, पण त्या पदावर मला शिकायला जो अवधी मिळाला तो वरच्या पदावर कुणी दिला नसता.

खंड पडलेल्या अनुभवी लोकांसाठी ठरावीक मुदतीचं पगारी काम द्यायचं आणि जमलं तर कायम करायचं, या पद्धतीला 'रिटर्नशिप' म्हणतात. गोल्डमन सॅक्सने २००८ मध्ये या नावाने ती सुरू केली आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनी तसे कार्यक्रम काढले. अर्ज करण्याआधी अटी नीट वाचा. काही ठिकाणी 'खंड' म्हणजे नोकरीच नव्हती असं धरतात. तुम्ही दुसऱ्या क्षेत्रात काम करत होता, तर तुम्ही त्यात बसता का हे आधीच मेल टाकून विचारलेलं बरं.

मी गेल्यापासून नेमकं काय काय बदललं?

वरचा थर पार बदललाय, खालचा फारसा नाही. हे एकदा लक्षात आलं की पोटातला गोळा बराचसा विरतो, म्हणून इथे जरा थांबते.

वरच्या थरात काय झालं? गिट, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन, २००५ पासून आहे, पण अनेक ऑफिसांत सबव्हर्जन हे जुनं साधन जाऊन गिट यायला बरीच वर्षं लागली. आज गिट येत नसेल तर पहिल्याच दिवशी अडेल. सर्व्हर हवा असला की पूर्वी मागणीपत्र भरून आठवडे वाट पाहायचो. २००६ मध्ये ॲमेझॉनने तासाच्या भाड्याने मशीन द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळा कारभारच तिकडे गेला. २०१३ मध्ये प्रोग्राम त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट एका डब्यात बंद करणारं डॉकर आलं, २०१४ मध्ये असे डबे सांभाळणारं कुबरनेटिस जाहीर झालं, आणि 'माझ्या मशीनवर तर चालतंय' ही सबब संपली. ब्राउझरच्या बाजूला जेक्वेरी या जुन्या लायब्ररीची जागा बऱ्याच ठिकाणी रिॲक्टने घेतली, जावास्क्रिप्टच्या जोडीला टाइपस्क्रिप्ट आली. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं, इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. जावाची नवी आवृत्ती पूर्वी काही वर्षांनी यायची, २०१७ पासून दर सहा महिन्यांनी येते.

रिलीजची रात्र आठवते? सगळी टीम थांबलेली, कुणीतरी फाइली एकेक करून सर्व्हरवर चढवतोय, आणि पहाटे कळतंय की एक फाइल राहिली. ते आता पाइपलाइन करते. कोड चढवला की टेस्ट आपोआप चालतात, पास झाल्या तर पुढे. त्यामुळे टेस्ट लिहिणं हे टेस्टरचं काम राहिलेलं नाही, ते तुमचं आहे. मला स्वतःला सगळ्यात जड गेलेला बदल हाच.

आता खालचा थर. रिलेशनल डेटाबेसचा पाया घालणारा एडगर कॉड यांचा निबंध १९७० चा आहे. तुम्ही लिहायचात ती जॉइनची, म्हणजे दोन टेबलं जोडणारी, क्वेरी आजही तशीच चालते. इंडेक्स का लागतो, ट्रान्झॅक्शन अर्ध्यात तुटली तर काय होतं, ४०४ (पान सापडलं नाही) आणि ५०० (सर्व्हरवर चूक) मधला फरक, लिनक्सवर लॉगमधून, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींमधून, हवी ती ओळ ग्रेप या कमांडने शोधणं, स्टॅक ट्रेस (चूक झाली तेव्हा प्रोग्राम कुठे होता त्याची यादी) वाचून चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते ताडणं, यातलं काहीही वाया गेलेलं नाही.

सुरक्षेबाबत मात्र जुन्या सवयी मोडाव्या लागतील. पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीने रूपांतरित करून ठेवणं आज गंभीर चूक मानतात, त्यासाठी बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या पद्धती वापरतात. साध्या एचटीटीपीवर चालणाऱ्या साइटला क्रोम जुलै २०१८ पासून 'असुरक्षित' म्हणतं. आणि डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत मोठी फट सापडल्यापासून 'तुमच्या प्रोजेक्टमध्ये बाहेरच्या कुठल्या लायब्रऱ्या आहेत आणि कुठल्या आवृत्तीच्या?' हा प्रश्न जास्तच गांभीर्याने विचारला जातो.

पहिल्या आठवड्यात काय करू?

व्हिडिओ पाहू नका. काहीतरी लिहा आणि चालवा.

मी पहिल्या दिवशी माझा एक जुना छोटा प्रोग्राम उघडला, एक ओळ बदलली, कमिट केलं (बदल गिटमध्ये नोंदवला) आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर पुश केलं, म्हणजे चढवलं. युजरनेम विचारलं, दिलं. पासवर्ड विचारला, दिला. नकार आला. चुकला असेल म्हणून पुन्हा टाकला, मग पासवर्ड बदलून पाहिला. अर्धा तास गेला. शेवटी एररचा मजकूर पहिल्या शब्दापासून वाचला, तर त्यात सरळ लिहिलं होतं की पासवर्डने पुश करणं १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद आहे. टोकन किंवा एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) लागते. एसएसएच की तर मी पूर्वी सर्व्हरवर जायला रोज वापरायचे! की तयार केली, तिचा सार्वजनिक भाग खात्यात चिकटवला, आणि पुश झालं. माझा सराव तुटला होता, समज शाबूत होती. ते त्या दुपारी कळलं आणि त्यानंतर मी एरर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय काहीही करत नाही.

तेव्हा आठवड्याचं काम एवढंच: एडिटर बसवा, तुमच्या भाषेची आजची आवृत्ती बसवा, जुना एखादा प्रोग्राम तिच्यावर चालवून दाखवा, गिटमध्ये ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढून ती मूळ कोडात मर्ज करा, आणि मुद्दाम कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोन वेगळे बदल) घडवून तो सोडवा. नव्या रिपॉझिटरीत मुख्य ब्रँचला 'मास्टर'ऐवजी 'मेन' नाव दिसेल, गोंधळू नका.

जुनीच भाषा धरू की नवी शिकू?

माझं स्पष्ट मत आहे: जुन्या भाषेची नवी आवृत्ती. नव्या भाषेत तुम्ही नुकत्याच शिकून आलेल्यांच्या रांगेत उभे राहता. जुन्या भाषेत तुमची आधीची वर्षं मोजली जातात. जावावाले असाल तर जावा ८ मधले लॅम्डा आणि स्ट्रीम, नंतर आलेले रेकॉर्ड, आणि स्प्रिंग बूट एवढं आधी हातात घ्या. डॉटनेटवाल्यांनी लक्षात घ्यावं की २०१६ मध्ये त्याची नवी, खुल्या कोडची शाखा आली आणि ती लिनक्सवरही चालते.

तुमचं साधनच बंद पडलं असेल तर गोष्ट वेगळी. फ्लॅश, सिल्व्हरलाइट किंवा व्हिज्युअल बेसिक ६ वर काम केलेल्यांना शेजारच्या घरात जावं लागेल. व्हीबीवरून सी शार्प, फ्लॅशवरून जावास्क्रिप्ट. पाच वाटांवर एकेक पाऊल टाकण्यात वर्ष निघून जातं आणि दाखवायला काहीच उरत नाही, असं होताना मी पाहिलंय.

कोर्स किंवा सर्टिफिकेशन करणं गरजेचं आहे का?

क्लाउडचं, म्हणजे भाड्याच्या मशीनवरच्या कामाचं, एखादं सर्टिफिकेट उपयोगी पडतं. त्याच्यावर अलीकडची तारीख असते, आणि 'हा माणूस इतक्यात अभ्यासाला बसला होता' हे त्यातून कळतं. पण त्याला मुदत असते, एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचं, तीन वर्षं चालतं. म्हणून अर्ज सुरू करायच्या आधी दोन-तीन महिने द्या, वर्षभर आधी नको. नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या कोर्समध्ये पैसे घालण्याआधी हमीच्या अटींचा कागद मागून घ्या.

एआय कोड लिहितं, मग आता परत येण्यात अर्थ आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात खरी भीती असते. एआयने कोड सुचवणारं गिटहब कोपायलट जून २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. तेव्हापासून कोड टाइप करण्याचा वेग ही कुणाचीच खासियत राहिलेली नाही. नवशिक्यांना सोपी म्हणून द्यायची बरीच कामं ही साधनं उरकतात, हेही खरं. मी हे झाकून ठेवणार नाही.

पण एक घडलेलं सांगते. गोदामात कुठला माल किती शिल्लक आहे हे काढणारी क्वेरी मी अशा साधनाकडून लिहून घेतली. आवकीचं एक टेबल, जावकीचं दुसरं. त्याने दोन्ही टेबलं मालाच्या कोडवर जोडली, आवकेची बेरीज केली, जावकेची केली, वजाबाकी केली. दिसायला अगदी नीटनेटकी क्वेरी. एका मालाच्या आवकीच्या तीन नोंदी होत्या, प्रत्येकी ४० नग. जावकीच्या दोन, प्रत्येकी २५. शिल्लक ७० यायला हवी. क्वेरीने ९० दिली. कारण जोडताना तीन गुणिले दोन अशा सहा ओळी झाल्या, आवक १२० ची २४० झाली आणि जावक ५० ची १५०.

९० हा आकडा वेडावाकडा नाही, म्हणूनच तो धोक्याचा. तो उणे आला असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. मी थांबले, कारण नऊ वर्षं मी खातं आणि प्रत्यक्ष मोजणी ताडून पाहत होते, आणि कुठलीही शिल्लक हाताने एकदा मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन्ही बेरजा आधी वेगवेगळ्या करून मग जोडल्या आणि ७० आले.

तुम्हाला ही साधनं वापरता यायलाच हवीत, त्यांना नाक मुरडून चालणार नाही. रोज वापरा, पण दिलेली प्रत्येक ओळ समजल्याशिवाय पुढे ढकलू नका. आणि शिकण्याच्या काळात दिवसातला एक तास ती बंद ठेवून लिहा, नाहीतर हात बसणार नाही.

प्रोजेक्ट कुठला करू?

तुमच्या मधल्या वर्षांमधला. कामांची यादी ठेवणारं ॲप, हवामान दाखवणारं ॲप हे शेकडो जण करतात. तुम्ही जे काम केलंत त्यातली खरी अडचण घ्या. शिक्षकाला माहीत असतं की वेळापत्रकात एक शिक्षक रजेवर गेला की काय काय कोलमडतं. दवाखान्यात काम केलेल्याला माहीत असतं की एकाच नावाचे दोन रुग्ण आले की कागद कसे अदलाबदल होतात.

माझं सांगते. आमच्याकडे फाटकावर आलेल्या मालाची नोंद कॉम्प्युटरवर व्हायची. नेट मंद असलं की 'सेव्ह' दाबून काहीच हलायचं नाही, म्हणून तिथला माणूस पुन्हा दाबायचा. चाळीस खोकी खात्यात ऐंशी व्हायची. संध्याकाळी मोजणी जुळायची नाही आणि खापर त्याच्यावर फुटायचं. मी प्रोजेक्ट केला तो याच एका गोष्टीचा: प्रत्येक नोंदीला फॉर्म उघडतानाच एक वेगळा क्रमांक द्यायचा, डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर युनिक बंधन घालायचं, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी ओळ न घालता पहिलीचंच उत्तर परत पाठवायचं. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात हे मला नंतर कळलं. पैसे भरण्याच्या यंत्रणांमध्ये हीच युक्ती वापरतात.

प्रोजेक्ट लहान असू दे, पण पुरा असू दे. तो इंटरनेटवर उघडता यावा, टेस्ट असाव्यात, आणि रीडमी फाइलमध्ये अडचण काय होती ते चार वाक्यांत लिहिलेलं असावं. अर्धवट सोडलेले सहा प्रोजेक्ट दाखवण्यापेक्षा हा एक पुरतो.

रेझ्युमेत ती वर्षं कशी दाखवू? गाळली तर?

गाळू नका. तारखांमधली फट पहिल्या नजरेत दिसते आणि मग वाचणारा स्वतःच काहीतरी वाईट कल्पना करतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. त्या कामाचं नाव, वर्षं आणि तीन ओळी लिहा: किती माणसं सांभाळलीत, कुठली व्यवस्था लावलीत, कॉम्प्युटरशी संबंध आला असेल तर कुठे. मोठे शब्द नकोत. 'गोदामाची हाताने चालणारी नोंद कॉम्प्युटरवर आणली' हे मी लिहिलं होतं आणि मुलाखतीत हटकून त्यावरच बोलणं झालं.

मांडणी साधी ठेवा. पुष्कळ कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि दोन रकान्यांचे, चौकटींचे रेझ्युमे त्याला नीट उलगडत नाहीत. ज्या तंत्रावर आज दोन प्रश्नांची उत्तरं देता येणार नाहीत ते यादीतून काढून टाका.

'इतकी वर्षं काय करत होता?' असं विचारलं तर?

दोन वाक्यांत खरं सांगा आणि तिसऱ्या वाक्यात आजच्या कामावर या. 'घरच्या व्यवसायाला माणूस हवा होता म्हणून गेले, नऊ वर्षं तो चालवला. आता तो सांभाळायला दुसरं कुणी आहे. गेले आठ महिने मी हे बांधतेय, दाखवू का?' माफीच्या सुरात बोलू नका. तुम्ही कुणाचं काही बुडवलेलं नाही. आजारपण, घरातली दुःखं यांचा तपशील द्यायला तुम्ही बांधील नाही, 'घरची जबाबदारी होती, आता मोकळी आहे' एवढं पुरतं.

कोडिंगच्या फेरीत त्या कोडी घालणाऱ्या प्रश्नांचं काय?

त्यांची तयारी करावीच लागते, त्याला वळसा नाही. ॲरे, स्ट्रिंग, हॅश मॅप, सॉर्टिंग, बायनरी सर्च, झाडावर आणि ग्राफवर फिरणं, एवढं पक्कं असलं तर बऱ्याच ठिकाणी निभावतं. रोज एक प्रश्न, ४५ मिनिटं, एडिटरच्या सूचना बंद करून, आणि मोठ्याने बोलत. बोलण्याचा सराव लोक सोडून देतात आणि तिथेच अडखळतात. मी पहिल्या मुलाखतीत उत्तर बरोबर लिहिलं, पण अर्धा तास गप्प बसून. पुढचा फोन आला नाही.

वय आड येतं का?

काही ठिकाणी येतं, आणि ते तोंडावर कुणी सांगत नाही. माझा टीम लीड माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे आणि मी त्याच्याकडून पुष्कळ शिकले. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळा.

पगार किती कमी घेऊ?

शेवटचा आयटीतला पगार सांगू नका, तो शिळा झालाय. त्या पदाला आज काय देतात ते चार ठिकाणी विचारून घ्या आणि त्याच्या आसपास मागा. कमी घेतलात तर किती महिन्यांनी फेरविचार होईल ते मेलवर लिहून घ्या.

कोडिंगच करायला हवं का?

नाही. टेस्टिंग, सपोर्ट, डेटा ॲनालिसिस, बिझनेस ॲनालिसिस या वाटा आहेत, आणि तुमच्या मधल्या क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या ही तर सगळ्यात सोपी दारं. विम्यात दहा वर्षं काढलेल्या माणसाला दावा कुठे अडतो ते शिकवावं लागत नाही. मलाही काम मिळालं ते माल पोचवण्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्या ठिकाणीच. फक्त एक: कोडिंग मनापासून हवं असेल तर सपोर्टमध्ये शिरताना तिथून पुढे जाता येतं का ते आधीच विचारा.

हातातली नोकरी सोडून तयारी करू का?

शक्यतो नको. रोजचे दोन तास आणि सुट्टीचा एक दिवस धरला तर मला आठ महिने लागले. तुमची वर्षं आणि तुमचं जुनं काम यावर हे मागेपुढे होईल. पैशाची घाई झाली की माणूस पहिलं मिळेल ते चुकीचं काम पकडतो.

नोकरी लागल्यावर पहिले महिने कसे जातात?

जड जातात. माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर (माझा बदल मुख्य कोडात घ्या, या विनंतीवर; ती सहकारी तपासतात) २७ शेरे आले. पूर्वी एवढे शेरे आले असते तर ते अपमानासारखं होतं, म्हणून त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी कागद घेऊन बसले आणि शेरे वेगळे केले: १४ नावं आणि मांडणीचे, ८ राहिलेल्या टेस्टचे, ५ मला न कळलेले. पहिले २२ दुपारपर्यंत संपले. पाचांसाठी लीडकडून वीस मिनिटं मागून घेतली. पुढच्या वेळी शेरे ११ होते. सगळ्यांच्याच कामावर असे शेरे येतात, हे मला दुसऱ्यांचे पुल रिक्वेस्ट वाचायला लागल्यावर कळलं. ते पहिल्याच आठवड्यात वाचायला हवे होते.

सहा महिने अर्ज करतोय, काहीच होत नाही. थांबू का?

थांबण्याआधी कुठे अडतंय ते शोधा. फोनच येत नसतील तर रेझ्युमेत किंवा तुम्ही निवडलेल्या पदांत खोट आहे. अशा वेळी अर्ज वाढवू नका, जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. नऊ वर्षांनी फोन करायला मला फार संकोच वाटला होता. सात जणांना केला, पाच जण मनापासून बोलले, आणि त्यातल्या एकीने माझा रेझ्युमे पुढे दिला. फोन येतात पण पहिल्या फेरीत गळत असाल तर कोडिंगचा सराव कमी पडतोय. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन अडत असेल तर प्रत्येक ठिकाणी कारण विचारा. बरेच जण उत्तर देणार नाहीत, पण जो कुणी देईल त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा, आणि पुढच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते वाचा.